इशारा आणि नकार

गेल्या दिवाळीत माळा आवरताना आमच्या भाच्याचे एक जुने जर्नल हाती लागले. खाकी वेष्टन, त्यावर चिकटवलेले लेबल, आणि लेबलावर २००६ हे साल. त्या वर्षांत तो आमच्याकडे सोलापुरात राहून संगणकशास्त्राची पदवी घेत होता. उजव्या पानावर निळ्या शाईत प्रोग्राम, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने त्याचे उत्तर, आणि खाली तांबड्या शाईत सरांची सही. आम्ही उघडले त्या पानावर प्रयोग चौथा होता: दिलेल्या संख्येचा फॅक्टोरियल काढणे. एकापासून त्या संख्येपर्यंतच्या साऱ्या पूर्णांकांचा गुणाकार म्हणजे फॅक्टोरियल, एवढे गणित आम्हांसही येते. दिलेली संख्या ५, उत्तर १२०. सही झालेली.

भाचा आता पुण्यात नोकरी करतो. सणासाठी आला होता. पान पाहून हसला आणि म्हणाला, "मामा, हा प्रोग्राम आज सरळ कुठंच चालणार नाही."

"अरे, सरांची सही आहे की. तेव्हा बरोबर होता तो आज चूक कसा होईल?"

"तेव्हाही बरोबर नव्हता. पण चालत होता."

आम्ही पेशाने मराठीचे मास्तर. बरोबर असणे आणि चालणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे विद्यार्थ्यांना सांगण्यात आमची पंचवीसेक वर्षे गेली. तेच वाक्य भाच्याच्या तोंडून, आणि तेही यंत्राविषयी, ऐकल्यावर आम्ही केरसुणी ठेवली आणि त्याच्या लॅपटॉपपाशी जाऊन बसलो.

संगणकाला थेट कळते ती आकड्यांची भाषा. माणूस लिहितो ती इंग्रजी शब्दांची आणि चिन्हांची. या दोहोंच्या मध्ये कंपायलर बसतो. तो माणसाचा मजकूर वाचतो, भाषेच्या नियमांत बसतो की नाही ते पाहतो, आणि बसल्यास त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. मराठी परिभाषेत त्याला संकलक म्हणतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला संकलक म्हटले की गावोगाव ओव्या गोळा करत हिंडणारे कोणीतरी आठवते. तो अर्थ इथे बाजूला ठेवावा. हा संकलक काही जमवत नाही. आमच्या ओळखीच्या माणसांत त्याला सर्वांत जवळचा कोणी असेल तर तो पेपर तपासणारा परीक्षक.

हा परीक्षक ज्या नियमांनी तपासतो त्यांनाही इतिहास आहे. सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडवली. १९७८ साली ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे पुस्तक आले आणि पुढची दहाअकरा वर्षे ते पुस्तक हाच नियम होता. दादोबा पांडुरंगांचे १८३६ चे व्याकरण काही काळ आपल्याकडे जसे होते, साधारण तसे. मग १९८९ साली अमेरिकेचे अधिकृत प्रमाण ठरले, पुढच्या वर्षी तेच आंतरराष्ट्रीय झाले. त्यानंतर १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ अशा सुधारित आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक आवृत्तीने काही नवे आणले आणि थोडे जुने काढून टाकले.

जुने काढले तरी जुना मजकूर उरतोच. पंचवीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम कुठेतरी पगारपत्रके काढत असतो. त्याला कोणत्या सालच्या नियमाने वाचायचे? हा प्रश्न आपल्याकडेही पडला होता. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. त्यांतच अशी तरतूद आहे की केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य छापायचे तर ते मुळाप्रमाणे छापावे, तिथून पुढचे लेखन मात्र नव्या नियमांनुसार. म्हणजे नियमावलीच सांगते की अमुक रेषेच्या अलीकडे मी लागू, पलीकडे नाही. आम्ही हा नियम कित्येक वर्षे शिकवला, पण त्याचे मोल त्या दुपारी अधिक कळले. कंपायलरला अशी रेषा कोणी आखून दिलेली नसते. मजकूर कोणत्या सालचा समजून वाचायचा हे प्रत्येक वेळी त्याला सांगावे लागते. न सांगितल्यास तो आपल्या मनाने एक साल धरतो, आणि दर कंपायलरचे मन वेगळे.

प्रथम भाच्याने जर्नलमधला प्रोग्राम ज्या कंपायलरसाठी लिहिला होता त्याच्यापुढे ठेवला. टर्बो सी प्लस प्लस. १९९० च्या आसपासचा, डॉसच्या काळातला. आजच्या लॅपटॉपवर तो चालवायला डॉसचे सोंग घेणारा आणखी एक प्रोग्राम लागतो. निळा पडदा उघडला आणि भाचा क्षणभर गप्प झाला. आमच्याकडच्या महाविद्यालयांतून संगणक शिकलेल्या एका अख्ख्या पिढीने याच निळ्या पडद्यावर मुळाक्षरे गिरवली आहेत.

प्रोग्राम चालला. पाच दिले, एकशेवीस आले. आम्ही म्हटले, "आठ दे." उत्तर आले उणे २५,२१६.

एकापासून आठपर्यंतच्या धन संख्यांचा गुणाकार ऋण कसा येईल? भाचा म्हणाला, "आम्हाला सर सांगायचे, सातच्या वर जाऊ नका. का, ते कुणी विचारलं नाही." कारण साधे होते. त्या कंपायलरमध्ये पूर्णांकाला ३२,७६७ पर्यंतच जागा असे. आठचा फॅक्टोरियल ४०,३२० होतो, तो त्या जागेत मावत नाही आणि गाडी मागच्या बाजूने उलटून ऋण आकड्यांत शिरते. आणि यात नियमभंग कुठेही नाही. पूर्णांकाला निदान एवढी जागा असावी इतकेच प्रमाण सांगते, किती मोठी असावी हे कंपायलरवर सोडते. आजचा कंपायलर दुप्पट रुंदीची जागा देतो, म्हणून तिथे बारापर्यंत उत्तर बरोबर येते: ४७,९०,०१,६००. तेराला मात्र तोही चुकतो. उत्तर हवे ६,२२,७०,२०,८००, आले १,९३,२०,५३,५०४. ही चूक आम्हांला जुन्या चुकीपेक्षा वाईट वाटली. उणे चिन्ह दिसले की माणूस दचकतो तरी. हा आकडा सभ्य चेहऱ्याचा आहे, त्याच्यावर कोणीही सही करील.

प्रोग्रामच्या रचनेतही एक गंमत होती. पहिल्या ओळीत पडदा पुसण्याची आज्ञा, दुसरीत स्वतःचे नाव आणि रोल नंबर छापण्याची, आणि मग कुठे 'मला एवढे चल लागतील' अशी घोषणा. १९८९ च्या प्रमाणाप्रमाणे हा क्रम चूक आहे. घोषणा आधी, कृती नंतर. मग टर्बोने चालवून कसे घेतले? कारण फाइल साठवताना तिच्या नावापुढे सीपीपी लागले होते. टर्बोमध्ये नवी फाइल उघडली की आपोआप तेच आडनाव लागे. त्या आडनावावरून टर्बो मजकूर सी प्लस प्लसचा समजून वाचे, आणि त्या भाषेत घोषणा कुठेही चालते. भाच्याने आडनाव बदलून नुसते सी केले. तोच कंपायलर, तोच मजकूर, आणि आता तांबडी ओळ: इथे घोषणा करता येणार नाही.

"प्रॅक्टिकलच्या परीक्षेत माझं हेच झालं होतं," तो म्हणाला. "घरी चालत होता, तिथं चालेना. शेजारच्यानं हळूच सांगितलं, पडदा पुसायची ओळ खाली घे. घेतली, चालला. त्या दिवसापासून तो माझ्यासाठी नियम झाला. पडदा नेहमी घोषणेनंतर पुसायचा. स्नान करून मग पूजा, तसा." त्याने कारण शोधले नाही. आमचे विद्यार्थीही 'कवी दीर्घ, कविता ऱ्हस्व' असेच पाठ करतात.

त्या प्रोग्रामच्या डोक्यावर 'व्हॉइड मेन' असे दोन शब्द होते. मेन हा प्रोग्रामचा मुख्य भाग. तो काम संपवताना यंत्राला एक आकडा परत देतो: शून्य म्हणजे काम ठीक झाले. व्हॉइड म्हणजे काहीच परत देणार नाही. सी प्लस प्लसच्या प्रमाणाला हे मुळीच मान्य नाही, तिथे मेनने पूर्णांकच द्यायचा. सीच्या प्रमाणाचा कलही तोच, मात्र एखाद्या कंपायलरने आपल्यापुरती वेगळी सोय जाहीर केली तर तिला वाव आहे. मग आमच्याकडे घराघरांत व्हॉइड मेन आले कुठून? भाच्याचे उत्तर आम्हांला पटले. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' या मुलांच्या हाती असे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत नुसते मेन लिहिलेले असे, मागे काही नाही. जुन्या प्रमाणानुसार ते ठीकच होते, कारण काहीच न लिहिल्यास पूर्णांक समजावा असा तेव्हाचा संकेत होता. पण तसे लिहून शेवटी काही परत दिले नाही की टर्बो कुरकुरे: या भागाने काहीतरी परत द्यायला हवे. वॉर्निंग आलेली कोणाला आवडते? मेनच्या मागे व्हॉइड लावले की ती नाहीशी होई. आकडा परत द्यायला शिकण्याऐवजी मुले 'काही देणार नाही' असे लिहायला शिकली. कंपायलर शांत, सर शांत, सही झाली.

टर्बोला यात दोष देणे बरोबर नाही. सी प्लस प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ चे, टर्बो त्याआधी सातआठ वर्षांचा. कायदा होण्यापूर्वीच्या न्यायाधीशाला कायदा माहीत नव्हता अशी तक्रार करता येत नाही. तो त्याच्या काळाप्रमाणे वागला. त्याला २००६ सालीही खुर्चीवर बसवून ठेवणारी माणसे वेगळी.

२००८ साली भाचा पुण्याला एका कंपनीच्या चाचणीला गेला. तिथल्या संगणकावर लिनक्स होते आणि जीसीसी नावाचा कंपायलर. त्याने सवयीने कॉनिओ डॉट एच ही फाइल मागवली. ती डॉसच्या जगातली, लिनक्सवर नाहीच. पडदा पुसायची आज्ञा नाही, कळ दाबेपर्यंत थांबायची आज्ञा नाही. पाऊण तासाच्या चाचणीत अर्धा तास तो आपण लिहितो ती भाषा तरी सी आहे का, याच विचारात होता. "प्रोग्राम सोपा होता हो. मला येत होता," एवढेच तो म्हणाला. त्या संध्याकाळी परत येताना हुतात्मा एक्सप्रेसमधून त्याने आमच्याकडे फोन केला होता, आणि आम्ही त्याला अभ्यास वाढव असे सांगितल्याचे आम्हांला स्पष्ट आठवते. अभ्यास कमी पडलाच नव्हता. तीन वर्षे एका परीक्षकाने जे न बोलता चालवून घेतले, त्याची शिक्षा दुसऱ्याने केली होती.

आता तोच जीसीसी त्याच्या लॅपटॉपवर होता. डॉसच्या ओळी काढून त्याने प्रोग्राम दिला आणि सांगितले, १९८९ च्या नियमांनी वाच. रोल नंबर आधी आणि घोषणा नंतर हा क्रम तसाच ठेवला होता. आम्हांला वाटले, ज्या नियमाखाली टर्बोने नकार दिला त्याच नियमाखाली हाही देईल. याने ब्र काढला नाही.

"असं कसं? साल तेच दिलंस ना?"

"साल तेच. पण हा जुन्या नियमाच्या आड येत नसेल ते नवं चालवून घेतो. कडक वाच म्हणून वेगळं सांगावं लागतं." त्या कडकपणाच्या सूचनेचे नाव आहे 'पेडँटिक'. म्हणजे शास्त्रार्थाचा कीस काढणारा. कंपायलर लिहिणाऱ्यांनी स्वतःच्याच गुणाला हे नाव ठेवावे याचे आम्हांला कौतुक वाटले. आमच्या व्यवसायात इतका मोकळेपणा नाही. ती सूचना दिल्यावर जीसीसीने सांगितले की १९९० च्या प्रमाणात घोषणा आणि कृती यांची सरमिसळ निषिद्ध आहे. सांगितले, आणि तरी प्रोग्राम चालवला. अडवायचे तर त्याहूनही कडक, तिसरी सूचना द्यावी लागते. ती दिली तेव्हा कुठे तो थांबला.

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची तऱ्हा उलटी होती, असे भाच्याने सांगितले. १९९९ च्या प्रमाणाने सीमध्येही घोषणा कुठेही करण्याची मुभा दिली, पण तो कंपायलर सीच्या फाइलीत ती मुभा २०१३ च्या आवृत्तीपर्यंत देत नव्हता. एक जुन्या नियमाखाली नवे खपवून घेतो, दुसरा नवा नियम येऊन चौदा वर्षे झाली तरी जुन्यानेच अडवतो. जीसीसीच्या माहितीपुस्तकात या साऱ्या सूचनांच्या प्रकरणाला 'सीची बोली' ठरवणाऱ्या सूचना असे नाव आहे. हा शब्द भाषाशास्त्राच्या वर्गातून उचलल्यासारखा आहे, आणि चपखल आहे. १९८९ चे शुद्ध प्रमाण आणि त्यात स्वतःची भर घातलेली ग्नू बोली अशी दोन नावे तिथे शेजारी शेजारी नांदतात. लिनक्सचा गाभा २०२२ पर्यंत त्या जुन्या बोलीतच लिहिला जात होता.

इथे कोणी म्हणेल, साल कोणते का धरेना, अर्थ तर एकच निघतो ना? नेहमी नाही. भाच्याने एक जुने कोडे करून दाखवले. दहा लिहायचे, मग दोन तिरप्या रेघा, त्यांना लागून एक तारा, पुन्हा तारा आणि एक तिरपी रेघ, मग दोन. अर्धविराम पुढच्या ओळीत. १९८९ च्या वाचकाला पहिली तिरपी रेघ भागाकाराची दिसते आणि दुसरीपासून ताऱ्यांतला मजकूर टीप म्हणून सोडून द्यायचा असतो. त्याचे उत्तर पाच. १९९९ च्या वाचकाला दोन तिरप्या रेघा दिसल्या की ओळीचा उरलेला भाग सगळाच टीप. त्याचे उत्तर दहा. दोघांनाही कसलीच शंका येत नाही.

आम्हांला आमच्या आजोबांचे एक पत्र आठवले. १९५३ सालचे. त्यात 'घरांत पाणी शिरलें' असे आहे. आमच्या एका चुलतभावाने ते वाचून गल्लीतल्या साऱ्या घरांत पाणी शिरल्याची कथा कित्येक वर्षे रंगवून सांगितली. आजोबांच्या लेखनपद्धतीत एका घरातल्या पाण्यालाही तो अनुस्वार होता. १९६२ नंतर न उच्चारलेले अनुस्वार गेले आणि 'घरांत' वरचे टिंब अनेकवचनाचे झाले. पत्र तेच, पाणी तेवढेच, फक्त वाचणाऱ्याने साल धरले नाही.

मग आम्ही भाच्याला मुद्द्याचे विचारले. नियम मोडला तर कंपायलरने काय करायचे, हे खुद्द प्रमाणात काय लिहिले आहे? आमची अपेक्षा होती की नाकारावे असे असेल. तसे नाही. रचनेचा नियम किंवा प्रमाणाने घातलेले बंधन मोडले असेल तर कंपायलरने निदान एक संदेश द्यावा, एवढीच सक्ती आहे. संदेश दिल्यावर प्रोग्राम अडवावा की पुढे न्यावा हे प्रमाण त्याच्यावर सोडते. इशारा देणे हे कर्तव्य, नकार देणे हा त्याचा स्वभाव. आम्ही हे वाक्य दोनदा वाचून घेतले.

स्वभावही काळाने बदलतो. काहीच न लिहिल्यास पूर्णांक समजावा हा संकेत १९९९ च्या प्रमाणाने काढून टाकला. न सांगितलेले कार्य परस्पर वापरण्याची सवलतही तेव्हाच गेली. तरी जीसीसी पुढे पंचवीस वर्षे ते चालवून घेत राहिला. २०२४ च्या चौदाव्या आवृत्तीत त्याने पहिल्यांदा, कोणी वेगळे सांगितले नसेल तर, या गोष्टींना चूक ठरवून थांबायला सुरुवात केली. क्लँग नावाच्या दुसऱ्या कंपायलरने वर्षभर आधी, २०२३ मध्ये, हेच केले. साल १९८९ आहे असे स्पष्ट सांगितले तर जीसीसी अजूनही त्या जुन्या 'मेन'ला आत घेतो. पंचवीस वर्षांची मुदत पुरेशी होती की जास्त झाली, यावर आमचे आणि भाच्याचे एकमत झाले नाही. तो म्हणतो, आधीच थांबायला हवे होते, इतकी वर्षे लोकांनी इशारे वाचलेच नाहीत. आम्हांला वाटते, ज्याचा प्रोग्राम एका रात्रीत बंद पडतो त्याला विचारून पाहावे.

एक गोष्ट सांगायची राहिली. जर्नलमधून प्रोग्राम उतरवताना पानावरच्या पाण्याच्या डागामुळे घोषणेतले एक अक्षर भाच्याकडून सुटले होते. ज्या चलाने एकापासून मोजायचे तोच जाहीर झाला नव्हता. पुढे तो चल चारपाच वेळा येतो. आम्ही मनात म्हटले, चारपाच चुका. जीसीसीने एकच दाखवली आणि खाली एक टीप दिली. ती आम्ही भाच्याकडून मराठीत करवून घेतली: न जाहीर केलेले प्रत्येक नाव, ते ज्या कार्यात येते त्यात, एकदाच नोंदवले जाते.

"म्हणजे पुन्हा पुन्हा आलं तरी?"

"चूक एकच आहे की, मामा. पहिली दुरुस्त केली की बाकीच्या जातात."

भाचा भाऊबीज झाल्यावर गेला. आम्ही कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक गठ्ठा काढला. आम्ही शिकवत होतो त्या महाविद्यालयात २००९ साली निबंधस्पर्धा झाली होती आणि परीक्षक आम्हीच होतो. गठ्ठा रद्दीत जाण्याऐवजी घरी आला, का ते आम्हांला ठाऊक आहे. त्यात एक निबंध शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्या मुलीचा आहे. घरची भाषा तेलुगू, वडील यंत्रमागावर, आजी विड्या वळणारी. निबंध आजीवरच होता. तंबाखूने पिवळी झालेली बोटे, तोंडाने पाने मोजताना आजीचे तेलुगूत चालणारे आकडे, आणि मुलीने तेच आकडे शाळेत मराठीत म्हणायला शिकणे. त्या वर्षीच्या साऱ्या निबंधांत तो सर्वांत चांगला होता. हे आम्हांला तेव्हाही कळले होते. पहिल्या तिघांत तो आला नाही, कारण आम्ही शुद्धलेखनाच्या सत्तावीस चुका मोजून तेवढे गुण वजा केले. कागदावर कुठेही खूण केली नाही. फक्त शेवटी आकडा.

ती भेटायला आली होती. "सर, कुठं चुकलं?" आम्ही म्हणालो, "शुद्धलेखन सुधारा." ती "बरं, सर" म्हणाली. पुढच्या वर्षी तिने मराठी विषय घेतला नाही.

आता आम्ही पेन्सिल घेऊन बसलो आणि त्या सत्तावीस पुन्हा मोजल्या. अकरा ठिकाणी 'सोलापूरात', 'सोलापूरला', 'सोलापूरचे' असे होते. गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ हा नियम तिला नीट येत होता. प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो एवढेच कोणी सांगितले नव्हते, आणि तेलुगू घरात ते कानाने येण्याची सोय नव्हती. आणखी सहा ठिकाणी 'रहाणे', 'पहाणे' आणि त्यांची रूपे. चार ठिकाणी शब्दाच्या शेवटचा उकार. उरलेल्या सहांपैकी दोन तर आमच्याच होत्या, म्हणजे तिने बरोबर लिहिलेले आम्ही चूक धरले होते. उरलेल्या चार घाईच्या.

पहिल्या 'सोलापूरात'पाशी समासात आम्ही 'सोलापुरात' असे लिहिले आणि शेजारी कारण लिहिले. बाकीच्या दहांना हात लावला नाही. तिचा पत्ता आमच्यापाशी नाही. निबंध टेबलावर आहे.